वाऱ्याला दाद न देणारी कडी

घरातली एखादी झडपांची खिडकी गाठा. सरकणारी नको, बिजागरीवर फिरणारी हवी. तशी खिडकी नसेल तर दारही चालेल. झडप अर्धी उघडा आणि फक्त करंगळीने ढकला. आधी बिजागरीपासून सगळ्यात लांबच्या कडेला करंगळी टेकवा. मग मधोमध. मग बिजागरीपासून चार बोटांवर. फटीत मात्र बोट अजिबात घालायचं नाही, तिथे चेंगरलं तर हाड मोडू शकतं.

कडेला करंगळी पुरली ना? मधोमध जरा जास्त रेटावं लागलं. आणि बिजागरीजवळ करंगळीच वाकायला लागली, झडप काही सहज हलेना. झडप तीच, वजन तेच, बोटही तेच. बदलली ती फक्त जागा.

फिरणाऱ्या वस्तूच्या बाबतीत नुसता जोर मोजून भागत नाही. फिरण्याच्या जागेपासून किती लांब तो लावला, हेही बघावं लागतं. जोर गुणिले अंतर, असा हा हिशोब आहे. अंतर दुप्पट केलं की निम्म्या जोरात काम होतं. अंतर पाचपट कमी केलं की पाचपट जोर लावावा लागतो. शाळेत तुम्ही तरफ शिकता, ती हीच. खिडकीची झडप म्हणजे एक उभी तरफ, आणि बिजागरी हा तिचा टेकू. म्हणूनच सुतारकाका मूठ नेहमी लांबच्या कडेला लावतात.

आता जरा वाऱ्याकडे बघू. त्यालाही झडप फिरवायची असते, पण त्याला तुमच्यासारखी जागा निवडता येत नाही. तो अख्ख्या झडपेवर सारखाच दाब देतो, आणि असा पसरलेला दाब झडपेच्या मधोमध एकवटला आहे असं धरून हिशोब करता येतो. मला खिडकीबद्दल सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट इथूनच सुरू होते. खिडकीवरची कडी, आकडा, खटका, मूठ या सगळ्या छोट्या वस्तू मिळून एकच युक्ती साधत असतात. हाताला काम सोपं करायचं आणि वाऱ्याला अवघड.

किती अवघड, ते आकड्यांत बघू. समजा झडप अर्धा मीटर रुंद आणि एक मीटर उंच आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा तिच्यावर समोरून आदळला. एवढ्या वाऱ्यात लहान झाडं डोलायला लागतात. ढोबळ हिशोब केला तर झडपेवर सुमारे ३ किलो वजनाइतका जोर येतो. फार नाही. पण मे महिन्यात वळवाच्या पावसाआधी जो वारा सुटतो, तो ताशी ७२ किलोमीटरवर सहज जाऊ शकतो. वेग दुप्पट झाला, मग जोर ६ किलो? नाही, १२ किलो! कारण दुप्पट वेगाने येणाऱ्या वाऱ्यात दर सेकंदाला दुप्पट हवा येऊन आदळते, आणि त्या हवेचा प्रत्येक धक्काही दुप्पट जोराचा असतो. दोन दुणे चार. म्हणून सकाळपासून शहाण्यासारखी उघडी असलेली खिडकी संध्याकाळी एकाएकी धाडकन आपटते आणि काच खळ्ळकन फुटते.

ती आपटू नये म्हणून आपण आकडा लावतो. लोखंडाची बारीक वाकवलेली काडी, एका टोकाला चौकटीत अडकवलेली, दुसरं टोक झडपेवरच्या गोल डोळ्यात घालायचं. हा डोळा झडपेच्या अगदी लांबच्या कडेला असेल, तर १२ किलोच्या वाऱ्याला थोपवायला आकड्यावर फक्त ६ किलोचा ताण येतो, कारण वारा मध्यावर आहे आणि आकडा त्याच्या दुप्पट अंतरावर. तोच डोळा कुणी बिजागरीपासून १० सेंटिमीटरवर ठोकला, तर आकड्याला ३० किलो सोसावे लागतील. आकडा तोच, वारा तोच. एक वर्षानुवर्षं टिकेल आणि दुसरा एखाद्या वादळात स्क्रूसकट उपटून येईल.

काही खिडक्यांना आकड्याऐवजी भोकं पाडलेली एक चपटी पट्टी असते. हार्डवेअरच्या दुकानात तिला स्टे म्हणतात. खालच्या चौकटीवर एक छोटी खुंटी उभी असते आणि पट्टीतलं हवं ते भोक त्या खुंटीवर बसवायचं. पहिलं भोक बसवलं तर खिडकी जेमतेम किलकिली राहते, शेवटचं बसवलं तर सताड उघडी. आकडा एकाच जागी धरतो, पट्टी तुम्हाला हव्या त्या जागी धरते. पावसाची तिरकी सर येत असताना थोडीच फट ठेवायची असेल, तर पट्टीसारखी सोय नाही.

हे झालं उघड्या खिडकीचं. बंद खिडकी धरून ठेवते ती कडी. दुकानात तिला टावर बोल्ट म्हणतात आणि ती इतकी नित्याची वस्तू आहे, की भारतीय मानक ब्युरोने तिच्यासाठी आयएस २०४ हे वेगळं मानकच ठरवलं आहे. एका पट्टीवर दोन-तीन कड्यांमधून ओवलेली एक गोल दांडी, तिला धरायला एक बोंडी, बस्स. दांडी सरकवली की चौकटीतल्या भोकात जाते.

पण या साध्या वस्तूत केवढी अक्कल आहे बघा. वारा झडपेला ढकलतो कुठे? आत किंवा बाहेर. आणि दांडी सरकते कुठे? वर किंवा खाली. दोन दिशा एकमेकींना काटकोनात. त्यामुळे वाऱ्याने कितीही जोर लावला, तरी त्यातला एक कणही दांडीला भोकातून बाहेर काढायच्या कामी येत नाही. वाऱ्याला खिडकी उघडायची तर दांडी आडवी मोडावी लागेल, आणि १० मिलिमीटर जाडीची पोलादी दांडी मोडायला एक टनाहून जास्त जोर लागतो. त्याच्या कितीतरी आधी स्क्रू लाकडातून उखडतील. तुम्हाला मात्र तीच दांडी अंगठा आणि एका बोटाने सरकवता येते, कारण तुम्ही तिला तिच्या दिशेने सरकवता.

याचा पडताळा घरीच घेता येतो. कडी लावलेली असताना एका हाताने झडप बाहेर रेटून धरा आणि दुसऱ्या हाताने कडी काढायचा प्रयत्न करा. कडी घट्ट बसेल, कारण दांडी भोकाच्या भिंतीवर दाबली गेली आहे आणि घर्षण वाढलं आहे. आता झडप किंचित आपल्याकडे ओढा. दांडी भोकात मोकळी झाली की कडी अलगद निघेल. दार उघडताना घट्ट बसलेली कडी निघाली नाही, की आई म्हणते ना, ‘आधी दार ओढून धर, मग काढ’? ती भौतिकशास्त्रच सांगत असते. आणि यात आणखी एक गंमत लपली आहे. वारा जितका जोरात रेटतो, तितकं घर्षण वाढतं, म्हणजे वारा स्वतःच कडी जास्त घट्ट धरून ठेवतो.

आता झडपेच्या वरच्या आणि खालच्या कडीत काय फरक आहे, ते बघा. खालची कडी खाली पाडायची असते, पृथ्वी तिला खालीच ओढते, त्यामुळे ती लागलेली राहते. वरची कडी मात्र वर सरकवायची असते. ती तशीच सोडली, तर खिडकी दोन-चार वेळा हादरली की दांडी खाली घसरणार आणि कडी आपोआप निघणार. म्हणून वर सरकवल्यावर बोंडी आडवी फिरवून खाचेत बसवायची असते. पुष्कळ जण ती फिरवायची विसरतात. तुमच्या घरातल्या वरच्या कड्यांच्या बोंड्या आज एकदा तपासा.

कडीला आपला हात लागतोच. पण काही खिडक्या आणि दारं नुसती ढकलली की खट्ट आवाज करून लागतात. तो खटका. त्याची बाहेर आलेली पितळी जीभ जवळून बघा. तिची एक बाजू तिरकी तासलेली असते आणि दुसरी बाजू सरळ, उभी. दार लावताना चौकटीवरची पट्टी तिरक्या बाजूवर घासते, उतारावरून सरकत जिभेला आत ढकलते, आणि भोक समोर आलं की मागची स्प्रिंग तिला पुन्हा बाहेर फेकते. खट्ट! आता दार उलट ओढलं तर पट्टी जिभेच्या उभ्या बाजूवर आपटते. तिथे उतारच नाही, मग जीभ मागे सरकणार कशी? येताना उतार, जाताना भिंत. मूठ फिरवून जीभ आत ओढली तरच सुटका.

उताराची अशीच करामत जुन्या पोलादी खिडक्यांत बघायला मिळते. इंग्लंडमधल्या ब्रेनट्री गावात फ्रान्सिस क्रिटॉल यांनी १८८४ साली धातूच्या खिडक्या बनवायला सुरुवात केली, आणि पुढच्या काही दशकांत अशा खिडक्या जगभर पसरल्या. १९३० आणि ४० च्या दशकांतल्या इमारतींमध्ये त्या हमखास दिसतात. मुंबईत ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह परिसरातल्या त्या काळच्या इमारतींना २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, तिकडे गेलात तर मान वर करून खिडक्या नक्की न्याहाळा. या खिडकीची मूठ फिरवली की तिचं छोटंसं नाक चौकटीवरच्या एका तिरक्या पितळी पट्टीवर चढतं. चढता चढता ते झडपेला चौकटीकडे ओढून घेतं, आणि फट मिटते. बोटांनी मूठ पाव फेरा फिरवायची, आणि झडप दातओठ खाऊन ओढावी तशी घट्ट बसते. काही मुठींच्या नाकाला दोन खाचा असतात. पहिल्या खाचेत खिडकी जराशी उघडी ठेवूनही लावता येते, म्हणजे रात्री हवा आत येते आणि खिडकी मात्र बाहेरून उघडत नाही.

‘हाताला सोपं’ असं मी म्हणत आले, पण कुणाच्या हाताला? वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दोन वर्षांच्या बाळाच्या हाताला खिडकी सोपी असून अजिबात चालणार नाही. न्यूयॉर्क शहरात लहान मुलं खिडकीतून पडण्याचे प्रकार इतके वाढले, की १९७६ साली तिथल्या आरोग्य खात्याने लहान मुलं असलेल्या घरांत खिडक्यांना संरक्षक गज लावणं घरमालकांना बंधनकारक केलं. पण त्यातही एक महत्त्वाची सूट ठेवली. आग लागली तर ज्या खिडकीतून बाहेरच्या जिन्यावर उतरायचं, तिला हे गज नकोत. आपल्या रेल्वेच्या डब्यातसुद्धा ‘आपत्कालीन खिडकी’ असते आणि तिला इतरांसारखे पक्के गज नसतात. घराच्या सगळ्या खिडक्यांना पक्की जाळी बसवून टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलंच पाहिजे. निदान एका जाळीला आतून उघडणारं दार हवं, आणि त्याची किल्ली कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. तुम्हालाही.

बिजागरीबद्दल आपण अजून बोललोच नाही. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफा आणि तळवे उघडझाप करा, बिजागरी अशीच असते. एका पानाची गोल वळवलेली बोटं दुसऱ्या पानाच्या बोटांमध्ये बसतात आणि सगळ्यांमधून एक खिळा आरपार जातो. पण बिजागरी यायच्या आधीही दारं होतीच. तेव्हा दाराच्या फळीलाच वर आणि खाली गोल टोकं ठेवत, आणि ती टोकं दगडातल्या खळग्यात फिरत. सुमारे ४१०० वर्षांपूर्वी मेसोपोटेमियातल्या लगाश नगरीचा राजा गुडिआ याने बांधलेल्या देवळांचे असे खळगे असलेले दगड सापडले आहेत. त्यांवर राजाचं नावही कोरलेलं आहे! आपल्याकडच्या जुन्या वाड्यांची आणि किल्ल्यांची दारंही याच तऱ्हेने फिरायची. किल्ल्यावर गेलात की दरवाजाच्या कोपऱ्यात, जमिनीलगत आणि वर छताजवळ, तो घासून गुळगुळीत झालेला खळगा शोधा.

खिडकीला किमान दोन बिजागऱ्या असतात, आणि त्या दोघींच्या वाट्याला अगदी वेगळं काम येतं. झडपेचं वजन चौकटीपासून दूर, हवेत लोंबतं. त्यामुळे झडप वरच्या बाजूला चौकटीपासून सुटायला बघते आणि खालच्या बाजूला चौकटीत रुतायला बघते. वरची बिजागरी ओढली जाते, खालची दाबली जाते. झडप १० किलोची, अर्धा मीटर रुंद आणि दोन बिजागऱ्यांत ८० सेंटिमीटर अंतर, असं असेल तर वरच्या बिजागरीचे स्क्रू रात्रंदिवस सुमारे ३ किलोच्या जोराने बाहेर ओढले जात असतात. खिडकी लोंबायला लागली, खालचा कोपरा घासायला लागला, की आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघायचे असतात, ते याचसाठी. नुसते घट्ट पिळले तरी पुष्कळदा काम होतं. भोक सैल झालं असेल तर त्यात काडेपेटीतल्या काडीचा, गूल काढून टाकलेला तुकडा ठोकून वर स्क्रू बसवायचा. सुतारकाकांची ही जुनी युक्ती आहे आणि ती छान टिकते.

पावसाळ्यात मात्र स्क्रू घट्ट असूनही खिडकी लागत नाही. लाकूड हवेतली ओल पितं आणि फुगतं. ते सगळीकडून सारखं फुगत नाही. रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढतच नाही, आडवं मात्र चांगलंच वाढतं. म्हणून झडप उंचीला तेवढीच राहते पण रुंदीला काही मिलिमीटर वाढते, चौकटीत अडकते, आणि कडीची दांडी भोकासमोर येईनाशी होते. घाईघाईत रंधा मारून झडप तासली, तर ऑक्टोबरच्या उन्हात ती आकसते आणि फट पडते. त्यापेक्षा कडेला मेणबत्ती घासा आणि चार महिने कळ काढा. कोकणात आणखी एक त्रास असतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड भराभर गंजतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे बिजागरीची बोटं आतल्या आत जाम होतात. तांबं आणि जस्त मिळून झालेल्या पितळेला असा गंज चढत नाही, म्हणून किनाऱ्यावरच्या घरांत पितळी कड्या-बिजागऱ्या वापरायची पद्धत पडली. पण पितळी बिजागरी लोखंडी स्क्रूंनी बसवली तर खारट ओलीत लोखंड एरवीपेक्षाही लवकर गंजतं. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते आणि लोखंड त्यात झिजत जातं. स्क्रूही पितळीच हवेत.

वाऱ्याला आणि पावसाला थोपवलं, पण खिडकीतून येणारा एक पाहुणा या सगळ्यांपेक्षा कितीतरी लहान असतो. डास. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादमध्ये डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. त्याआधी कित्येक शतकं लोकांना वाटायचं, की मलेरिया दलदलीवरून येणाऱ्या रात्रीच्या वाईट हवेमुळे होतो. रॉस यांचा शोध लागल्यावरही सगळ्यांची खात्री पटली नव्हती. मग लंडनचे डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांनी १९०० साली एक धाडसी प्रयोग आखला.

इटलीत रोमजवळ ओस्टिया भागात त्या काळी भयंकर दलदल होती. उन्हाळ्यात तिथे राहणारा माणूस मलेरियाच्या तापातून क्वचितच सुटायचा. मॅन्सन यांनी तिथे एक लाकडी झोपडी उभारली, तिच्या दारा-खिडक्यांना बारीक तारेची जाळी बसवली. डॉक्टर साम्बोन, डॉक्टर लो आणि तेर्झी नावाचे चित्रकार असे तिघं नोकरांसह त्या झोपडीत राहायला गेले. औषध म्हणून क्विनाइन घ्यायचं नाही. दिवसभर हवं तिथे फिरायचं. फक्त सूर्य मावळायच्या आत झोपडीत यायचं आणि दार लावून घ्यायचं. दलदलीवरची ती ‘वाईट हवा’ रात्रभर जाळीतून आरामात आत येत होती. तिला कुणी अडवलं नव्हतं. अडवलं होतं ते फक्त डासांना. तापाचा सगळा हंगाम गेला आणि त्या झोपडीतल्या एकालाही मलेरिया झाला नाही! त्याच वर्षी इटलीतून मलेरियाचे डास लंडनला पाठवले गेले. मॅन्सन यांच्या मुलाने स्वतः पुढे होऊन त्यांच्याकडून चावून घेतलं. जिथे दलदलीचं नाव नाही अशा लंडनमध्ये राहून त्याला मलेरिया झाला. औषधाने तो बरा झाला. हवा निर्दोष सुटली आणि डास पकडला गेला. एका खिडकीच्या जाळीने साऱ्या जगाला एवढं मोठं उत्तर मिळवून दिलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

जाळीचं काम सोपं दिसतं, पण तिच्यासाठी ‘जवळजवळ बंद’ आणि ‘उघडी’ यात काही फरक नसतो. आपल्या नेहमीच्या जाळीची भोकं साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असतात. झडप आणि चौकट यांत काडीएवढी फट राहिली तरी डासाला ती वेशीइतकी मोठी. म्हणून जाळीच्या झडपेला एका ठिकाणची कडी पुरत नाही, ती चहूबाजूंनी चिकटून बसावी लागते. हल्ली त्यासाठी चुंबकाची रबरी पट्टी वापरतात. रबरात चुंबकीय भुकटी मिसळलेली असते आणि तिच्यावर उत्तर ध्रुव, दक्षिण ध्रुव, पुन्हा उत्तर, पुन्हा दक्षिण असे बारीक पट्टे असतात. फ्रिजवर लावायचे दोन चपटे चुंबक पाठीला पाठ लावून एकमेकांवरून हळूहळू सरकवा. एका दिशेने सरकवताना बोटांना टकटक धक्के जाणवतील. ते तेच पट्टे, एकाआड एक ओढणारे आणि ढकलणारे.

या पट्टीतही तीच जुनी युक्ती आहे. वारा जाळीला सगळीकडून एकदम ढकलतो, तेव्हा त्याला पट्टीच्या अख्ख्या लांबीशी एकदमच झुंजावं लागतं. शिवाय जाळीतून वारा बराचसा निघून जातो, त्यामुळे त्याचा जोरही कमी पडतो. तुम्ही मात्र एक कोपरा धरता आणि तिथून सोलत जाता. एका वेळी पट्टीचा बोटभर तुकडाच सोडवायचा असतो. चुंबक जरासा दूर गेला की त्याचा जोर झपाट्याने घटतो, म्हणून सुटलेला तुकडा पुन्हा त्रास देत नाही.

आता खरं कोडं. आपल्याकडच्या बहुतेक झडपा बाहेर उघडतात, म्हणजे पाऊस आत येत नाही. मग जाळी बसणार आतल्या बाजूला. पण जाळी मध्ये आली, तर हात बाहेरच्या झडपेपर्यंत पोचणार कसा? संध्याकाळी खिडकी लावायला जाळी उघडा, आणि नेमक्या त्याच वेळी डासांची रांग आत! आपण जाळीची वेगळी झडप आतल्या बाजूला बसवतो आणि ती पटकन उघडून पटकन लावतो. अमेरिकेत यावर एक झकास यंत्र पुष्कळ घरांत दिसतं. तिकडे राहणाऱ्या मावशीकडे किंवा काकाकडे गेलात तर खिडकीच्या खालच्या चौकटीवर एक छोटा फिरवायचा दांडा असेल. तो गरागरा फिरवला की जाळी न उघडताच बाहेरची झडप आपोआप हळूहळू उघडते, उलटा फिरवला की मिटते.

आत काय असतं? दांड्याच्या टोकाला मळसूत्र, म्हणजे स्क्रूवर असते तशी पिळदार धार. ती एका दातेरी चाकात अडकलेली असते, आणि त्या चाकाला जोडलेला हात झडपेला ढकलतो. दांड्याचा एक अख्खा फेरा झाला, की चाक फक्त एक दात पुढे सरकतं. त्यामुळे जड झडपसुद्धा लहान मुलाच्या बोटांना हलकी वाटते. पण मला थक्क करते ती याची उलटी बाजू. बाहेरून वाऱ्याने झडप ढकलली तर चाकाचे दाते मळसूत्रावर दाबले जातात. मळसूत्राचा उतार इतका मंद असतो, की त्या दाबातला फारच थोडा भाग मळसूत्राला फिरवायला वळतो, आणि तेवढा तर घर्षण सहज गिळून टाकतं. दांड्याने झडप फिरते, झडपेने दांडा फिरत नाही. म्हणून ना आकडा लागतो, ना भोकांची पट्टी. झडप अर्ध्यावर सोडली तर अर्ध्यावरच थांबते, कुठल्याही कोनात.

अमेरिकेला जायला नको, हेच यंत्र तुम्हाला इथेही हातात घेऊन बघता येईल. कुणाकडे गिटार असेल तर मागा. तिच्या डोक्याशी तार ताणायच्या खुंट्या असतात. प्रत्येक तार कित्येक किलोंच्या ताणाने आपल्या खुंटीला ओढत असते, रात्रंदिवस, तरीही खुंटी उलटी फिरून तार ढिली पडत नाही, आणि तुम्ही मात्र दोन बोटांनी ती फिरवून सूर लावू शकता. पुष्कळ गिटारींमध्ये खुंटीमागचं छोटं दातेरी चाक उघडंच दिसतं. त्याचे दाते मोजा, आणि सांगा बघू, तार गुंडाळणाऱ्या दांडीचा एक पूर्ण फेरा व्हायला खुंटी किती वेळा फिरवावी लागेल?